लष्करावर उघड टीका करावी की नाही? थोरातांच्या टिपणापासून सुरुवात करतो

कोयनाकाठ :

गेल्या महिन्यात एका साखरपुड्याच्या पंगतीत सैन्याचा विषय निघाला आणि शेजारी बसलेल्या एका ज्येष्ठ गृहस्थांनी मठ्ठ्याचा पेला खाली ठेवत, "पुढाऱ्यांना काय हवे ते बोला, पण फौजेचे नाव काढायचे नाही," असे बजावून तो तेथेच संपवला. पंगतीत वाद घालू नये, म्हणून मी जिलेबीकडे लक्ष वळवले. मात्र त्या वाक्याने घरी आल्यावरही पाठ सोडली नाही, कारण ज्या कोल्हापूर जिल्ह्यात ते उच्चारले गेले, त्याच जिल्ह्यातील एका सेनानीचा अनुभव नेमका उलट सांगतो.

लेफ्टनंट जनरल शंकरराव थोरात हे वडगावचे. १९५७ ते १९६१ या काळात ते पूर्व विभागाचे प्रमुख होते आणि तेव्हाचा नेफा, म्हणजे आजचा अरुणाचल प्रदेश, त्यांच्या क्षेत्रात येत होता. ऑक्टोबर १९५९ मध्ये त्यांनी या सीमेच्या संरक्षणावर एक टिपण लिहिले. चीनने जोर लावला तर अगदी पुढच्या चौक्या टिकणार नाहीत, त्या इशारा देण्यापुरत्याच ठेवाव्यात आणि खरी लढाई मागे, जेथवर आपले रस्ते व रसद पोहोचते तेथे द्यावी, असा त्याचा मथितार्थ होता. लष्करप्रमुख थिमय्या यांनी ते संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांच्याकडे दिले. मार्च १९६० मध्ये थोरातांनी लखनौ येथे 'लाल किल्ला' या नावाने याच गृहीतकावर युद्धसरावही घेतला. मेनन यांनी ते टिपण उडवून लावले आणि १९६२ च्या चीन युद्धातील पराभवानंतर नेहरूंनी आपल्याला बोलावून घेतले तेव्हा ते त्यांच्यापर्यंत पोहोचलेच नसल्याचे कळले, असे थोरातांनी आत्मचरित्रात नोंदवले आहे.

म्हणजे तीन वर्षे तो कागद फाइलीत होता. दरम्यान थोरात निवृत्त झाले, चौक्या पुढे सरकत राहिल्या आणि २० ऑक्टोबर १९६२ रोजी पहाटे नामका चू नदीच्या काठी जे जवान उभे होते, त्यांपैकी अनेकांच्या अंगावर सुती गणवेश, पायांत कॅनव्हासचे बूट आणि हातात पॉइंट थ्री नॉट थ्री रायफल होती. त्या युद्धात १,३८३ जवान ठार झाले, सुमारे १,७०० बेपत्ता झाले आणि जवळजवळ ४,००० युद्धकैदी झाले.

आता दुसरा कागद पाहू. पराभवाची चौकशी लेफ्टनंट जनरल हेंडरसन ब्रुक्स आणि व्हिक्टोरिया क्रॉसचे मानकरी ब्रिगेडियर भगत यांनी केली आणि १९६३ मध्ये अहवाल दिला. हिमालयाच्या मदतीला धावलेल्या सह्याद्रीने, म्हणजे यशवंतराव चव्हाणांनी, २ सप्टेंबर १९६३ रोजी लोकसभेत त्यातील निवडक निष्कर्ष तेवढे सांगितले. प्रशिक्षण डोंगरी युद्धाला साजेसे नव्हते, साहित्य अपुरे होते, वरच्या पातळीवरून नको तितका हस्तक्षेप झाला, अशा स्वरूपाचे. मूळ अहवाल मात्र आजही गोपनीय आहे. २०१० मध्ये संसदेत सांगण्यात आले की त्यातील मजकुराचे लष्करी मूल्य अजूनही कायम आहे. मार्च २०१४ मध्ये नेव्हिल मॅक्सवेल या पत्रकाराने त्याचा बराचसा भाग इंटरनेटवर टाकला, तेव्हा विरोधी बाकांवर असलेल्या अरुण जेटली यांनी ही कागदपत्रे इतकी वर्षे दडवून का ठेवावीत असा रास्त प्रश्न विचारला. त्याच वर्षी जुलैमध्ये संरक्षणमंत्री म्हणून त्यांनीच राज्यसभेत लेखी उत्तर दिले की अहवाल उघड करणे राष्ट्रहिताचे नाही. पक्ष कोणताही असो, त्या खुर्चीचा हा गुणच दिसतो.

याच्या शेजारी कारगिल ठेवून पाहा. युद्ध जुलै १९९९ मध्ये संपले, के. सुब्रह्मण्यम यांच्या समितीने डिसेंबरमध्ये अहवाल दिला आणि फेब्रुवारी २००० मध्ये तो, काही भाग वगळून का होईना, संसदेच्या पटलावर आला. त्यात गुप्तवार्ता यंत्रणांचे अपयश छापील स्वरूपात होते. त्यावर वर्तमानपत्रे, निवृत्त अधिकारी आणि खासदार बोलले, मंत्रिगट नेमला गेला, संरक्षण गुप्तवार्ता संस्था व अंदमान-निकोबारची तिन्ही दलांची एकत्रित कमान उभी राहिली आणि तिन्ही दलांसाठी एकच प्रमुख असावा ही तेव्हाची मागणी, वीस वर्षे रेंगाळून, १ जानेवारी २०२० रोजी प्रत्यक्षात आली. ज्या युद्धाचा अहवाल आपण वाचू शकलो त्यातून काही संस्था उभ्या राहिल्या. ज्याचा वाचू शकलो नाही, त्याबद्दल आपण साठ वर्षे 'मेनन दोषी की कौल' (नेफातील फौजेचे तेव्हाचे सेनानी) हाच खेळ खेळत आहोत. या विषयावर सदस्यांचे मत वाचायला आवडेल.

गडवाट :

कोयनाकाठ, आपण कष्ट घेऊन लिहिले आहे, त्याबद्दल आभार. मात्र आपले पहिले उदाहरण आपल्याच विरोधात जाते, असे मला वाटते. थोरातांचे टिपण म्हणजे युद्धाची योजना होती. आपण कोणत्या चौक्या सोडून देणार आणि खरी लढाई कोणत्या रेषेवर देणार, हे १९५९ मध्ये वर्तमानपत्रात छापून यावे, असे आपल्याला म्हणायचे आहे काय? तसे झाले असते तर चीनला हेरांची गरजच पडली नसती.

दुसरे असे की, उघड टीका तेव्हाही झालीच होती. थिमय्यांनी १९५९ मध्ये दिलेला आणि मागे घेतलेला राजीनामा देशभर गाजला. एप्रिल १९६१ मध्ये आचार्य कृपलानींनी लोकसभेत मेनन यांच्यावर जे कोरडे ओढले ते कामकाजात नोंदलेले आहेत. त्याचा उपयोग काय झाला? १९६२ च्या निवडणुकीत तेच कृपलानी उत्तर मुंबईत मेनन यांच्यासमोर उभे राहिले आणि आपल्या मुंबईकरांनी त्यांना मोठ्या फरकाने घरी पाठवले. आठ महिन्यांनी चीन आला. टीका उघड होती, लोकांनी ऐकली, आणि तरीही जे व्हायचे तेच झाले.

शेवटचा मुद्दा मनोबलाचा. आज सीमेवरील जवानाच्या हातात फोन असतो. आपण इथे पंख्याखाली बसून त्याच्या अधिकाऱ्याची लायकी काढतो आणि तो ते बर्फात उभा राहून वाचतो. याचा विचार करावा.

कोयनाकाठ :

गडवाट, योजना छापावी असे मी म्हटलेले नाही. तसा अर्थ निघत असेल तर दोष माझ्या लिहिण्याचा. चौकी कोठे आहे, कुमक कोणत्या वाटेने जाणार, दारूगोळा किती शिल्लक आहे, हे गुप्तच राहिले पाहिजे. परंतु पूर्वेकडच्या डोंगरात रस्ते नाहीत, थंडीचे कपडे नाहीत, सेवाज्येष्ठता डावलून बढत्या दिल्या जात आहेत आणि मंत्री लष्करप्रमुखाचे ऐकत नाहीत, ही गुपिते नव्हती. शत्रूला ती ठाऊक होती. ज्यांना ती ठाऊक नव्हती ते आपले मतदार होते.

कृपलानींचा मुद्दा मात्र आपण बिनतोड मांडला आणि त्याने मला दोन दिवस विचार करायला लावले. टीकेने युद्ध टळले नाही, हे मान्यच करावे लागेल. पण पुढचा महिनाही पाहा. लढाई चालू असतानाच, ८ नोव्हेंबर १९६२ पासून संसदेत चर्चा सुरू झाली. शंभराहून अधिक सदस्य बोलले. त्याच्या आदल्या दिवशी मेनन मंत्रिमंडळातून बाहेर पडले होते. स्वतःच्याच पक्षाच्या पंतप्रधानाला आपला इतका जवळचा माणूस सोडावा लागला, कारण दीड वर्षापूर्वीचे आरोप कामकाजात शब्दशः नोंदलेले होते आणि कोणालाही 'आम्हाला कल्पना नव्हती' असे म्हणण्याची सोय उरली नव्हती. थोरातांचे टिपण अधिक नेमके होते, अधिक जाणकाराने लिहिलेले होते, तरीही त्याने कोणाला खुर्ची सोडावी लागली नाही. कृपलानींना डोंगरी युद्धातले फारसे काही कळत नसेल, पण त्यांचे बोलणे हजारोंनी ऐकले होते.

मनोबलाचे मी सांगू नये. ज्यांच्या घरात गणवेश आहे त्यांनी सांगावे.

वाकळ :

माझ्या घरात गणवेश होता, म्हणून लिहिते. माझे वडील तोफखान्यातून हवालदार म्हणून निवृत्त झाले. आमचे गाव सातारा जिल्ह्यात आहे आणि गावात घर दाखवताना 'अमक्या सुभेदाराच्या वाड्यामागे' असेच सांगतात.

वडिलांना डाव्या कानाने जवळजवळ ऐकू येत नाही. लहानपणी आम्हाला वाटायचे की ते मुद्दाम लक्ष देत नाहीत. आई त्यांच्या उजव्या बाजूला बसूनच बोलायची. वर्षानुवर्षे तोफेशेजारी उभे राहिलेल्या माणसाचा कान गेला, यात समजण्यासारखे अवघड काय आहे? तरीही निवृत्तीच्या वेळी वैद्यकीय मंडळाच्या कागदावर एक इंग्रजी ओळ आली, जिचा अर्थ असा की हे अपंगत्व लष्करी सेवेमुळे उद्भवलेले नाही आणि सेवेमुळे वाढलेलेही नाही. त्या एका ओळीने त्यांचे अपंगत्व निवृत्तिवेतन थांबले. मी शाळेत असताना त्या ओळीचे भाषांतर त्यांना वाचून दाखवले होते. त्यांनी कागदाची घडी केली, पिशवीत ठेवली आणि "बरं," एवढेच म्हणाले.

मनोबलाची काळजी असणाऱ्या सर्वांना मला विचारायचे आहे की, त्या ओळीने त्यांचे मनोबल वाढले की खचले? ती ओळ कोणत्याही पत्रकाराने लिहिली नव्हती.

आता कायद्याकडे वळते. राज्यघटनेच्या अनुच्छेद ३३ नुसार संसद सैनिकांचे मूलभूत हक्क मर्यादित करू शकते आणि १९५४ च्या लष्करी नियमांतील नियम २१ प्रमाणे सेवेतील माणसाला सेवेसंबंधी काहीही पूर्वपरवानगीविना प्रसिद्ध करता येत नाही. शिस्तीसाठी हे आवश्यक असेल. मी त्याविरुद्ध नाही. पण ज्याच्या तोंडाला आपण कायद्याने कुलूप लावले, त्याच्या वतीने बोलायचे तरी कोणी? उत्तर 'कोणीच नाही' असेल, तर आपण त्याचा मान राखत नसून त्याला एकटा पाडत आहोत.

अपंगत्व निवृत्तिवेतनाच्या बाबतीत निवृत्त सैनिक, त्यांचे वकील आणि वर्तमानपत्रांत नेटाने लिहिणारे काही माजी अधिकारी यांनी हा प्रश्न लावून धरला. सशस्त्र दल न्यायाधिकरणाचा कायदा २००७ मध्ये झाला. २०१३ मध्ये धरमवीर सिंह यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, भरतीच्या वेळच्या वैद्यकीय नोंदीत आजाराचा उल्लेख नसेल तर तो सेवेमुळे झाला असे गृहीत धरावे लागेल आणि तसे नाही हे दाखवण्याची जबाबदारी सैनिकावर नाही. या निकालाची बातमी वडिलांनी वर्तमानपत्रातून कापून ठेवली. मग आम्ही अर्ज केला, तो एकदा 'कागदपत्रे अपूर्ण' म्हणून परत आला, पुन्हा केला. पुढची कथा लांब आहे. आता रक्कम मिळते.

गडवाट, तुमच्यावर राग नाही. तुमच्यासारखे बोलणारे लोक १५ ऑगस्टला आमच्या घरी आवर्जून येत, वडिलांना शाल देत. त्या पिशवीतल्या कागदाबद्दल कोणी विचारत नसे, इतकेच.

तांडेल :

वाकळताई, आपला प्रतिसाद पुन्हा पुन्हा वाचला.

मी कुलाब्याचा. १३ ऑगस्ट २०१३ च्या मध्यरात्रीनंतर गोदीच्या बाजूचे आकाश नारिंगी झाले, तेव्हा आम्ही गच्चीवर होतो. सकाळी कळले की सिंधुरक्षक पाणबुडी धक्क्यालाच स्फोट होऊन बुडाली आणि आत १८ जण होते. त्या काळात नौदलाच्या अपघातांची माळच लागली होती आणि वर्तमानपत्रे प्रत्येक वेळी मागची यादी छापत होती. पुष्कळ लोकांना ते अशोभनीय वाटे. २६ फेब्रुवारी २०१४ रोजी सिंधुरत्न पाणबुडीत मुंबईजवळच्या समुद्रात धूर भरला आणि दोन अधिकारी गेले. त्याच दिवशी नौदलप्रमुख ॲडमिरल डी. के. जोशी यांनी नैतिक जबाबदारी स्वीकारून राजीनामा दिला. पाणबुड्यांच्या दुरुस्तीला आणि बॅटऱ्या बदलण्याला लागणारा विलंब त्यांच्या एकट्याच्या हातात नव्हता, हे नंतर पुष्कळांनी लिहिले. पण तोही मुद्दा बाहेर आला तो या गदारोळामुळेच. राजीनाम्यानंतर लोकांचा नौदलावरचा विश्वास कमी झालेला मला तरी दिसला नाही. आमच्या कोळीवाड्यात उलट त्यांच्याबद्दल आदरानेच बोलले गेले.

याच्या विरुद्ध टोकाचे उदाहरण बडगामचे. २७ फेब्रुवारी २०१९ रोजी काश्मीरमध्ये हवाई दलाचे एमआय-१७ हेलिकॉप्टर कोसळले. हवाई दलाचे सहा जण आणि जमिनीवरचा एक नागरिक ठार झाला. त्या सहांपैकी एक नाशिकचे होते. ते आपल्याच क्षेपणास्त्राने पडले, हे नव्या हवाई दलप्रमुखांनी ऑक्टोबरमध्ये मान्य केले आणि ती मोठी चूक होती असे सांगितले. मधले सात महिने, ज्यांत लोकसभेची निवडणूकही होऊन गेली, त्या कुटुंबांनी काय समजून काढले असतील? चूक युद्धाच्या धांदलीत होऊ शकते. ती सांगायला सात महिने लागणे ही मात्र धांदल नव्हे.

खडूफळा :

येथे सर्वच जण एका सुरात बोलू लागले आहेत, म्हणून थोडा मिठाचा खडा टाकतो.

कारगिलनंतरचे शवपेट्यांचे प्रकरण आठवा. २००१ च्या अखेरीस महालेखापरीक्षकांचा (कॅग) अहवाल आला. त्यात ॲल्युमिनियमच्या ५०० शवपेट्यांच्या खरेदीवर ताशेरे होते, प्रत्येकी २,५०० डॉलर. विरोधकांनी तेव्हाचे संरक्षणमंत्री जॉर्ज फर्नांडिस यांना सभागृहात 'कफनचोर' म्हटले. ज्या मुंबईच्या कामगारांनी त्यांना डोक्यावर घेतले, त्याच मुंबईत हा शब्द रिक्षावाल्यांच्या तोंडी होता. पुढे केंद्रीय अन्वेषण विभागाला त्यांच्याविरुद्ध काही सापडले नाही आणि आरोपी असलेल्या लष्करी अधिकाऱ्यांनाही २०१३ मध्ये विशेष न्यायालयाने दोषमुक्त केले. तोपर्यंत एक तप उलटले होते आणि फर्नांडिस अंथरुणाला खिळून कोणाला ओळखेनासे झाले होते. उघड टीकेची ही किंमत कोणी मोजायची?

कोयनाकाठ :

खडूफळा, त्या अहवालाकडे जरा दुसऱ्या बाजूनेही पाहता येईल. त्यातला शवपेट्यांचा भाग लहान होता. खरा गंभीर निष्कर्ष असा होता की, कारगिलसाठी तातडीची म्हणून केलेली बरीचशी खरेदी लढाई संपल्यानंतर हाती आली. 'कफनचोर' या एका शब्दाच्या आरड्याओरड्यात हा निष्कर्ष कोणी वाचलाच नाही. जवानाला लागणारी वस्तू वेळेवर का पोहोचत नाही, हा प्रश्न १९६२ चाही होता आणि १९९९ चाही, आणि त्यावर सभागृहात जितके तास जायला हवे होते ते घोषणाबाजीत गेले. फर्नांडिस यांच्यावर अन्याय झाला, हे खरेच. तरी तो अन्याय होता हे आपण आज ठामपणे म्हणू शकतो, कारण आरोप, तपास आणि निकाल हे सारे उघड्यावर झाले. हेंडरसन ब्रुक्स अहवालात ज्यांची नावे असतील, त्यांना दोषमुक्त व्हायचीही सोय नाही.

मुळामुठा :

सर्व चर्चा आतापर्यंत जवानाच्या हिताभोवती फिरते आहे आणि ते योग्यही आहे. परंतु बंदुकीच्या दुसऱ्या टोकालाही माणसे असतात, त्यांच्याविषयी लिहिल्याविना हा धागा अपुरा राहील.

१८ जुलै २०२० रोजी शोपियान जिल्ह्यातील अमशीपोरा येथे तीन अज्ञात दहशतवादी ठार झाल्याचे जाहीर झाले. त्यांना दूर पुरण्यात आले. समाजमाध्यमांवर मृतांची छायाचित्रे फिरू लागली तेव्हा राजौरीतील काही कुटुंबांनी आपली मुले ओळखली. ती मजुरीच्या शोधात शोपियानला गेली होती. ओरड झाली, लष्कराने चौकशी लावली आणि सप्टेंबरमध्ये स्वतःच मान्य केले की सशस्त्र दल विशेषाधिकार कायद्याच्या (अफ्स्पा) मर्यादा ओलांडल्या गेल्याचे प्रथमदर्शनी दिसते. ऑक्टोबरमध्ये मृतदेह उकरून कुटुंबांना देण्यात आले. एका कॅप्टनचे कोर्ट मार्शल होऊन त्याला जन्मठेप सुनावली गेली. नोव्हेंबर २०२३ मध्ये न्यायाधिकरणाने त्या शिक्षेला स्थगिती दिली. म्हणजे प्रकरण संपलेले नाही आणि अंतिम निवाडा काय होईल यावर मी बोलणार नाही. ती छायाचित्रे कोणी पाहिलीच नसती, किंवा पाहून 'फौजेचे नाव काढायचे नाही' म्हणून गप्प बसले असते, तर ती तीन मुले कागदोपत्री दहशतवादीच राहिली असती आणि लष्करालाही आपल्या माणसाची झडती घेण्याचे कारण पडले नसते.

गडवाट :

अमशीपोऱ्याबद्दल मला इतके तपशील ठाऊक नव्हते. माझे मत पूर्ण बदलले असे म्हणणार नाही. घटनास्थळावरून थेट चित्रण दाखवणाऱ्या वाहिन्यांनी २६ नोव्हेंबर २००८ च्या मुंबई हल्ल्यात जे केले त्याला मी आजही गुन्हाच मानतो. पण ती टीका नव्हती, बेजबाबदारपणा होता, हा फरक मी सुरुवातीला केला नव्हता. वाकळताई, शालीबद्दलचे वाक्य लागले. वडिलांना नमस्कार सांगावा.

वाकळ :

गडवाट, नमस्कार सांगितला. खरे तर काल रात्री हा सगळा धागा मी वडिलांना वाचून दाखवला, अर्थात उजव्या बाजूला बसून. थोरात साहेबांचे नाव त्यांना माहीत होते. अमशीपोऱ्याच्या वेळी ते बराच वेळ काही बोलले नाहीत आणि मग "पुढे वाच," म्हणाले.

संपल्यावर त्यांनी दरबाराची गोष्ट सांगितली. ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगते, पलटणीत ठरावीक काळाने सर्व जवान एकत्र बसतात, कमांडिंग ऑफिसर त्यांच्यासमोर बोलतात आणि शेवटी विचारतात, "किसी को कोई तकलीफ?" त्यावर सगळे एका आवाजात म्हणतात, "नहीं साहब." वडील म्हणाले की, चोवीस वर्षांत त्यांनी शेकडो वेळा "नहीं साहब" म्हटले आणि एकदाच हात वर केला. लंगरमधल्या डाळीत नुसते पाणी असते, एवढेच सांगायचे होते. साहेब चांगले होते, त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि वहीत लिहून घेतले. दुसऱ्या दिवसापासून डाळ घट्ट झाली.

"आणि तुमचं काय झालं?" मी विचारले.

"पंधरा दिवस रात्रीचा पहारा," ते म्हणाले. "पण डाळ सगळ्यांनी खाल्ली."